जुन्या जीपचा जीर्णोद्धार : बेताच्या खर्चात निर्णय कसा घ्यावा?

अलीकडे आपल्या मंडळाच्या बैठकीत भेटणारे सहकारी माझ्या प्रकृतीपेक्षा माझ्या जीपच्या प्रकृतीची चौकशी अधिक आस्थेने करतात. कोणाच्या घरी वडिलांची फियाट झाकून ठेवलेली असते, कोणाकडे काकांची अँबॅसिडर, कोणाकडे बुलेट. 'किती खर्च आला?' हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो. माझ्या अनुभवाने तो प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न 'ही गाडी कशासाठी हवी?' आणि दुसरा 'तिला नेमके झाले आहे काय?'. ही दोन उत्तरे मिळण्याआधी काढलेला पैसा बहुधा वाया जातो. माझाही गेला. तो कसा गेला आणि नंतर मी कसा सावरलो, हे स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे असे वाटले.

पूर्वेतिहास

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, जुन्या सुप्यात वैद्यकीय व्यवसाय करीत. सुपे तेव्हा तालुक्याचे ठिकाण होते. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, सुपे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. विस्थापितांपैकी कित्येक कुटुंबे रामनगरला गेली. आम्ही जोयड्यात आलो. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी फार खाली गेले की जुन्या गावाचे काही अवशेष उघडे पडतात. आमच्या घरातून त्या वेळी जे बाहेर आले त्यात देव्हारा, औषधांचे लाकडी कपाट आणि ही जीप होती.

जीप १९६४ सालची, महिंद्राची सीजे-३बी. अण्णांनी ती १९६९ मध्ये एका जंगल ठेकेदाराकडून जुनीच घेतली. महिंद्रा कंपनीने अमेरिकेतील विलिस कंपनीच्या जीपची मुंबईत जोडणी सुरू केली ती १९४९ च्या सुमारास. पुढे याच घाटणीची गाडी आपल्याकडे अनेक दशके तयार होत राहिली. तिचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे, २१९९ सीसीचे, 'हरिकेन' नावाचे. या इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये आणि जळालेला वायू बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली ब्लॉकच्या कुशीत असतात. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला सामावण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. दुरून ही जीप ओळखू येते ती त्या उंच बॉनेटमुळेच.

कुंभारवाडा, अणशी, उळवी, गुंद या बाजूंना पावसाळ्यात दुसरे वाहन जात नसे. रुग्णाला डोलीत घालून चार माणसे रस्त्यापर्यंत आणीत. डोलीचा बांबू बांधता यावा म्हणून अण्णांनी जीपच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. या चार कड्या पुढे माझ्या निर्णयात फार महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून त्यांचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो.

१९९८ मध्ये अण्णा गेले आणि जीप पडवीत उभी राहिली, ती वीस वर्षांहून अधिक काळ.

पहिली चूक

२०१९ मध्ये मी तीन लाख रुपये बाजूला काढले. दवाखान्याच्या दुरुस्तीचा आणि मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च समोर असताना त्याहून अधिक रक्कम एका जुन्या वाहनात घालणे मला शक्य नव्हते आणि योग्यही वाटत नव्हते. मात्र रक्कम ठरवली, क्रम ठरवला नाही. गाडी 'दिसायला' चांगली झाली की उत्साह येईल, पुढचे हळूहळू करू, असा विचार करून मी ती एका रंगकाम करणाऱ्या गॅरेजात पाठवली. पंचेचाळीस हजार रुपयांत झकास हिरवा रंग मारून ती परत आली. घरच्यांनी नारळ फोडला, छायाचित्रे काढली.

२०२० च्या पावसाळ्यात डाव्या बाजूच्या रंगाला फोड आले. बोट दाबले तर पुट्टीचा पापुद्रा निघाला आणि आत पत्राच नव्हता. गंजाचा भुगा होता. भोक बुजवण्यासाठी पुट्टी भरून तिच्यावर रंग चढवलेला होता. त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. मी रंग मागितला, त्याने रंग दिला. गळवाचा निचरा न करता वरून मलमपट्टी करणाऱ्या वैद्याला आपण जे म्हणू, ते मी स्वतःला म्हटले. आता हाती दोन लाख पंचावन्न हजार उरले होते.

तीन मार्ग

२०२२ मध्ये नव्याने सुरुवात करताना मी प्रथम कागदावर तीन मार्ग लिहिले.

पहिला मार्ग प्रदर्शनाचा. प्रत्येक नट-बोल्ट सुटा करून गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायची. यासाठी मला मिळालेला अंदाज नऊ लाखांचा होता. दुसरा मार्ग सोयीचा. डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर घालून जुन्या रूपात नवी गाडी करायची. हा मार्ग आपल्या भागात फार रुळलेला आहे. पेट्रोल महाग झाल्यापासून कित्येक जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसली. तिसरा मार्ग जतनाचा. गाडी सुरक्षित करायची, झीज थांबवायची, चालती ठेवायची आणि तिच्या अंगावरच्या खुणा राहू द्यायच्या.

हा पेच आपलाच आहे असे नाही. आमची जीप ज्या १९६४ साली बनली, त्याच वर्षी अमेरिकेत फोर्डची मस्टँग बाजारात आली आणि पाँटिअॅकची जीटीओ गाजू लागली. या दणकट इंजिनांच्या 'मसल' गाड्या आज तिकडे हौशी मंडळी घरोघर दुरुस्त करतात. त्यांचे सुटे भाग इतके मुबलक मिळतात की काही गाड्यांचे अख्खे नवे धूडही विकत घेता येते. तरीही जाणकार गिऱ्हाईक प्रथम पाहतो ते इंजिनावरचा क्रमांक त्याच गाडीचा आहे की नाही. कारण नवा भाग पैसे दिले की मिळतो. त्या गाडीबरोबर आलेला भाग एकदा भंगारात गेला की कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये इटलीतील ट्युरिन येथे एक सनद संमत केली. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आधार तिला आहे. तिचा आशय आपल्याला सहज पटण्यासारखा आहे : आधी आहे ते टिकवा, गरज असेल तेवढीच दुरुस्ती करा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि बदल असा करा की पुढच्या माणसाला तो काढून पूर्ववत करता येईल. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना आपण याहून वेगळे काय करतो?

मला गाडी प्रदर्शनात न्यायची नव्हती आणि रोज दवाखान्यात जाण्यासाठीही नको होती. वर्षातून काही वेळा, आरोग्य शिबिराच्या निमित्ताने, अण्णा ज्या रस्त्यांनी जात त्या रस्त्यांनी ती जावी एवढीच इच्छा होती. हे एकदा लिहून काढल्यावर तिसरा मार्ग आपोआप ठरला.

निदान

माझा मिस्त्री वयाने माझ्याहून मोठा. त्याने कामाला हात घालण्याआधी मला दोन गोष्टी करायला लावल्या. गाडीची सर्व बाजूंनी, खालूनही, छायाचित्रे काढणे आणि सुटणारा प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून कापडी पिशवीत ठेवणे. सहा महिन्यांनी एखादा बोल्ट कुठला हे कोणालाही आठवत नाही. केसपेपर नसलेल्या रुग्णासारखी गत होते.

मग चेसिस. मिस्त्री लहान हातोडीने चेसिसवर टक्-टक् करीत टोकापासून टोकापर्यंत गेला. घट्ट पोलाद खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. छातीवर बोटे आपटून आपण जे ऐकतो, तेच हे. मागच्या पाट्यांच्या खुंट्याजवळ एका जागी बद्द आवाज आला. बाकी चेसिस शाबूत निघाली. हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा होता. चेसिस ठिकठिकाणी कुजलेली असती तर मी तिथेच थांबलो असतो, आणि इतरांनीही थांबावे असेच सांगेन.

इंजिनाविषयी प्रत्येकाचे मत 'बोअर करा, नवे पिस्टन घाला' असे होते. मिस्त्रीने घाई केली नाही. वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन एकदम सेल्फ मारून फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि मग हँडलने हळूहळू फिरवले. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडरांत ते शंभर पौंडांच्या आसपास भरले, एकात साठ. आता साठ का? त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजते. आकडा तसाच राहिला तर दोष बहुधा झडपेत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये. आमचा आकडा हलला नाही. पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत, त्या सिलिंडरात दाबाने हवा सोडली आणि मी माझा स्टेथोस्कोप घेऊन बसलो. कार्ब्युरेटरपाशी शांतता, तेल ओतण्याच्या तोंडापाशी शांतता आणि सायलेन्सरच्या नळीतून स्पष्ट फुसफुस. निदान झाले : बाहेर टाकणारी झडप नीट मिटत नव्हती. हेड उतरवल्यावर ती गंज धरून अडकलेली दिसली.

झडपा घासून बसवणे, नवी गॅस्केट आणि किरकोळ काम एवढ्यावर इंजिनाचे भागले. पूर्ण इंजिन उघडले असते तर माझ्या उरलेल्या रकमेचा मोठा भाग तिथेच संपला असता, आणि तोही निरोगी पिस्टन बदलण्यात.

पत्र्याचा प्रश्न

खरी परीक्षा पुढे होती. मागच्या धुडाचा तळ, पेट्रोलची टाकी जिथे असते ती ड्रायव्हरच्या आसनाखालची जागा आणि डावी बाजू गंजून गेली होती. जीपचे अख्खे नवे धूड बांधून मिळते. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जीपगाड्यांच्या बांधणीसाठी देशभर ओळखले जाते. मला मिळालेला नव्या धुडाचा भाव पंचावन्न हजार होता. जुने धूड कापून-जोडून दुरुस्त करण्याचा अंदाज साठ हजार. नवे घेतले तर काम आठवड्यात, जुने दुरुस्त केले तर दोन महिने. माझ्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "बाबा, हिशोब सरळ आहे. नवं घ्या."

हिशोब सरळ होता, हे खरे. मी जवळजवळ होकार दिला होता. त्याच आठवड्यात आमचे जुने कंपाउंडर घरी आले. जीपभोवती एक फेरी मारून ते डाव्या बाजूच्या कडीपाशी थांबले. कडी आतल्या बाजूने झिजून पातळ झाली होती. "डॉक्टर, ही दोरीनं झिजलीय," ते म्हणाले. "मोजून ठेवलं नाही कधी, किती जणांना बांधून आणलं ते."

बांबूच्या दोरीने लोखंड झिजावे इतक्या फेऱ्या त्या वाटांवर झाल्या होत्या. अण्णांनी रोजनिशी लिहिली नाही. त्यांचे सुपे पाण्यात गेले, दवाखाना गेला. त्यांच्या कामाची लिहिलेली नोंद नाही. झिजलेली नोंद तेवढी आहे. ती पाच हजार रुपये आणि सहा-सात आठवडे वाचवण्यासाठी भंगारात देणे मला जमले नाही. कड्या कापून नव्या धुडावर जोडता आल्या असत्या, असेही कोणी सुचवले. पण नव्या पत्र्यावर जुनी कडी लावली की ती शोभेची वस्तू होते.

धूड दुरुस्त केले. कुजलेला भाग स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापला, त्याच जाडीचा पत्रा जोडला, जोडावर प्रायमर मारला, खालून गंजरोधक थर दिला. तळात पाणी साचून राहू नये म्हणून निचऱ्याची भोके मोकळी केली. आपल्या भागातील पावसात हे शेवटचे, फुकटात होणारे काम कोणत्याही महागड्या रंगापेक्षा अधिक उपयोगी आहे.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा?

माझ्या दोन लाख पंचावन्न हजारांची वाटणी अशी झाली. ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, चाके आणि टायर यांवर पंच्याण्णव हजार. चेसिस व पत्रा साठ हजार. इंजिन पस्तीस हजार. रेडिएटर, पेट्रोलची टाकी-नळ्या आणि संपूर्ण नवे वायरिंग तीस हजार. कागदपत्रे व किरकोळ पंधरा हजार. उरलेल्या वीस हजारांत कापडी टप आणि आसने. रंगासाठी काही उरले नाही.

सर्वांत मोठा वाटा ब्रेक-स्टिअरिंगला गेला याचे काहींना आश्चर्य वाटते. या जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी वाहिनी एकच असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. हँडब्रेकही चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर काम करतो. अणशी घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. मी सर्व नळ्या, मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि लायनर नवे घातले. पुढच्या व मागच्या चाकांची वाहिनी वेगळी करणारे दुहेरी मास्टर सिलिंडर बसवले. मूळ रचनेपासून मी केलेली फारकत एवढीच. मूळ सिलिंडर पिशवीत चिठ्ठी बांधून ठेवला आहे. पुढे कोणाला पूर्ववत करायचे असल्यास करता येईल.

आणखी एक सूचना पेट्रोल गाड्या असलेल्यांसाठी. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले आहे. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गळती होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा घालावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत शिळे पेट्रोल ठेवू नये. हा खर्च थोडा आहे आणि आगीचा धोका मोठा.

कागदपत्रांचा विचार आधीच

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यात क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नियमाप्रमाणे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र दोन अटी नीट वाचाव्यात. चेसिस, धूड आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, देखभाल, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांखेरीज नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे दुसऱ्या मार्गाने जाऊन डिझेल इंजिन बसवणाऱ्याला ही नोंदणी मिळणे अवघड, आणि मला शिबिराला गाडी न्यायची असल्याने मला ती सोयीची नव्हती. मी तपासणी करून, विलंबशुल्क भरून साधी नोंदणीच पुन्हा चालू केली. ज्यांना इंजिन बदलायचे आहे त्यांनी काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली असा बदल मनाने करता येत नाही, आणि नोंदणी पुस्तकात नसलेले इंजिन विम्याच्या वेळी आडवे येते.

शेवटी

मी कोणाला माझाच मार्ग घ्या असे सांगणार नाही. ज्याला रोज वापरायची आहे त्याने सोयीचा मार्ग कायदेशीर रीतीने घ्यावा. ज्याच्याकडे पैसा आहे आणि दुर्मीळ गाडी आहे त्याने प्रदर्शनाचा घ्यावा. पण निर्णय गॅरेजात उभे राहून, मिस्त्रीच्या किंवा मित्राच्या उत्साहावर घेऊ नये. घरी बसून लिहून काढावे : गाडी कशासाठी, रोग कोणता, थांबवणारा ब्रेक आणि वळवणारे स्टिअरिंग आधी, गंज त्यानंतर, इंजिन त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी. कोणता भाग कधीच बदलायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. माझ्या यादीत ती ओळ नव्हती. ती कंपाउंडरांनी लिहून दिली असे मी समजतो.

गेल्या हिवाळ्यात जीप कुंभारवाड्याच्या शिबिराला गेली आणि आपल्या चाकांवर परत आली. तिच्या उजव्या बाजूला २०१९ चा हिरवा रंग आहे, डाव्या बाजूला प्रायमरचा तांबडा. लोक विचारतात, "डॉक्टर, रंग कधी?" मी सांगतो, पैसे साठले की. तोपर्यंत गंज धरत नाही ना, एवढे दर पावसाळ्यानंतर खाली वाकून पाहतो.